मॅनेजरसाहेबांची बायको

आमच्या यमुनावैनींच्या हातात काहीही द्या, त्या आधी त्याचं वजन सांगतात आणि मग ते काय आहे ते बघतात. लग्नपत्रिका दिली तर म्हणणार, "पस्तीस ग्रॅम. कागद जाड घातलाय, म्हणजे वरण पातळ असल." शेजारच्या बाळंतिणीचं पोर मांडीवर घेतलं की मुलगा का मुलगी हे विचारायच्या आधी, "तीन किलो दोनशे. चालल." एकदा मी शहापूरहून पाव किलो फरसाण आणलं. पुडी अजून पुरती माझ्या हातातून सुटलीही नव्हती, तर म्हणाल्या, "दोनशे दहा. चाळीस ग्रॅम मारली गो तुझी." सापगावात कोणाला दुकानदाराशी भांडायचं असलं की वैनींना सोबत नेतात. वैनी बोलत नाहीत. नुसती पिशवी हातात घेऊन उभ्या राहतात, तेवढ्याने दुकानदाराला घाम फुटतो.

हे शिक्षण त्यांना मसाल्याच्या कंपनीत मिळालं. आसनगावच्या पुढे हायवेला ती कंपनी होती. तिथे वैनींनी एकवीस वर्षं पॅकिंगच्या टेबलावर काढली. मिरचीपुडीने हात कोपरापर्यंत लाल. शंभर ग्रॅमच्या पाकिटात दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर माल परत यायचा. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार उरले. एक पास, आणि दुसरा "पॅकिंगला चालणार नाय". या दुसऱ्या प्रकारात आजवर दोन आमदार, चार नवरदेव, आमचे हेडमास्तर आणि आमच्या घरातला नवा पंखा जमा झाला आहे.

मी वैनींची धाकटी जाऊ. मुरबाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत भाषा शिकवते. माझे मोठे दीर, म्हणजे वैनींचे यजमान, त्याच कंपनीत बॉयलरवर होते. आठ वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली आणि दोन वर्षांनी दीरही गेले. मूलबाळ नाही. आम्ही एकाच घरात राहतो, चुली दोन आहेत. आम्ही वैनींना फार जपतो असं गावात म्हणतात. खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याकडे वाटीभर कालवण पाठवतो आणि टीव्ही बघत बसतो.

वैनींना जपणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे माया. माया कंपनीच्या वॉचमनची, मानबहादूरची बायको. दोघं नेपाळची. गेटाला लागून पत्र्याची खोली होती, त्यात राहायची. माया टेबलावर वैनींच्या समोर बसे. ती आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि गेली तेव्हा "नाय गो बाय, मना नको" असं अस्सल आमच्याकडचं बोलत होती. सगळी भाषा वैनींकडून उचललेली, शिव्यांसकट. दोघींचे डबे एक. मायाची मुलगी अस्मिता शहापूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मली, तिला पहिली आंघोळ वैनींनी घातली. जन्माचं वजनही नर्सच्या आधी वैनींनीच सांगितलं होतं.

कंपनी बंद पडल्यावर माया नवऱ्या-मुलीला घेऊन नेपाळला परत गेली. अधूनमधून फोन यायचा. दीर गेले त्या दिवशीही आला. दोघी वीस मिनिटं फोन कानाला लावून नुसत्या रडत होत्या. आम्ही सगळे घरात होतो, पण वैनी रडल्या त्या फोनजवळच.

यंदा महाशिवरात्र शुक्रवारी आली. पंधरा दिवस आधी वैनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुशे, नेपाळ परदेशात मोडतं का गो?"

"मोडतं की."

"मंग आपण परदेशी जातोय. शुक्रवार सुट्टी, शनवारची तू रजा टाक, रविवारी परत."

तिकिटं त्यांनी भाच्याकडून आधीच काढून घेतली होती. मी विचारलं, मायाला कळवलंत का? वैनी म्हणाल्या, "कळवला. ती बोलली, आत्ता नका येऊ, दीदी, घरात गडबड हाय. लाजते गो. आपल्याला तरास नको म्हणून बोलते."

मी वीस वर्षं मुलांना वाक्याचा अर्थ शिकवते. "आत्ता नका येऊ" या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवायच्या आधी वैनींनी उचलली आणि काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "चौदा किलो सातशे." काटा म्हणाला चौदा नऊशे. वैनींनी त्या मुलीला समजावलं की तुझा काटा चालणार नाय, एकदा तपासून घे. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "शिक्काच नाय? मंग परदेशात जाऊन आली ह्याला पुरावा काय?" विमानात त्यांना सांगितलं की नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे असतं. त्या म्हणाल्या, "एवढ्या उंचावरून जाऊन पंधराच मिनटं."

बॅगेत मायासाठी दीड किलो सुका जवळा होता. ही सुकी बारीक कोलंबी मायाला जीव की प्राण. पाच पिशव्यांत गुंडाळून, वर टॉवेल बांधला होता. तरीही काठमांडूला पट्ट्यावरून बॅग येताना आमची कुठली ते लांबून कळलं.

बाहेर मानबहादूर एकटाच उभा होता. कोट आणि टाय घालून. वैनी हसत म्हणाल्या, "भाऊ, आज कोणाचा लगीन?"

तो हसला नाही. टॅक्सीत बसल्यावर खाली बघत बोलू लागला. त्याचं मराठी अजून बऱ्यापैकी होतं. अस्मिताचं लग्न ठरत होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर मोठं, इज्जतदार. मायाने त्यांना सांगितलं होतं की इंडियात ती कंपनीत सुपरवायझर होती आणि मानबहादूर सिक्युरिटी ऑफिसर.

"खोटं बोललो, दीदी," तो म्हणाला. "त्या लोकांनी विचारलं, आम्ही बोलून टाकलं. आता मागे नाय येता येत. आमच्या घराची मालकीण मुलाची सख्खी मावशी आहे. खाली आम्ही, वर ती. सगळं ऐकू जातं. पॅकिंग नाय बोलायचं, दीदी. वॉचमन नाय बोलायचं."

"मंग मी कोण?" वैनींनी विचारलं.

"मायाने सांगितलंय, मॅनेजरसाहेबांच्या मेमसाब पशुपतीनाथच्या दर्शनाला येतायत. मोठ्या मनाच्या आहेत, म्हणून आमच्याकडे उतरणार."

वैनींनी खिडकीबाहेर एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "बॉयलरवाला मॅनेजर झाला. मेल्यावर परमोशन भेटलं बिचाऱ्याला." आणि माझ्याकडे वळल्या. "सुशे, तुझा चष्मा दे. मेमसाब लोकांना चष्मा असतो."

मी चष्मा दिला. त्यामुळे काठमांडू मी तीन दिवस धुरकटच पाहिलं. वैनींनी तर पाहिलंच नाही, कारण माझा नंबर मोठा आहे.

माया दाराच्या पायरीवर उभी होती. केस पांढरे झाले होते. तिला बघताच वैनींचे दोन्ही हात पुढे गेले. मायाने हात जोडले आणि कमरेत वाकली.

"नमस्ते, मेमसाब. सफर ठीक रहा?"

वैनींचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी त्याच हातांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "हां. ठीक रहा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं की निदान मराठीत तरी दोघी हळूच चार शब्द बोलतील. ती आशा पाच मिनिटांत संपली. वरून घरमालक उतरले. साठी उलटलेले, गुबगुबीत, अंगात स्वेटर, गालभर हसू. "या, या मॅडम. काय म्हणतोय ठाणे जिल्हा? पाऊसपाणी बरं झालं ना यंदा?" या गृहस्थांनी दादरच्या एका हॉटेलात अठरा वर्षं काढली होती. मराठी इतकं स्वच्छ की माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना यावं. परत आल्यापासून मराठी बोलायला माणूस मिळाला नव्हता. आम्ही मिळालो. मग त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

वाईट माणूस असता तर टाळता आला असता. पण ते अतिशय चांगले होते. चहाला यायचे ते जेवणापर्यंत बसायचे. दादरचा फूलबाजार, गणपती, हॉटेलातले गल्लेवाले शेठ, सगळं सांगताना त्यांचे डोळे भरून येत. मधूनच विचारत, "साहेब नक्की कुठल्या डिपार्टमेंटला मॅनेजर होते हो?" वैनी खुर्चीत ताठ बसून सांगत, "सगळ्याच." घरात एकच चांगली खुर्ची होती, ती वैनींना. जन्मात कधी खुर्चीवर बसून न जेवलेल्या वैनी खुर्चीत बसत आणि माया त्यांच्यासमोर ताट घेऊन उभी राही. अस्मिताने पाया पडून "आंटीजी" म्हटलं आणि लगेच आत गेली. पोरगी थरथरत होती, हे मला चष्मा नसतानाही दिसलं.

एकदाच घात होता होता राहिला. घरमालकिणीने वैनींना भेट म्हणून चहाचं पाकीट दिलं. वैनींच्या तोंडून निघून गेलं, "दोनशे तीस." पाकिटावर अडीचशे छापलं होतं. मालकांनी गंमत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन ते तोलून आणलं. दोनशे तीसच भरलं. सगळे वैनींकडे बघायला लागले. माया भिंतीला टेकली.

"साहेबांची सवय," वैनी शांतपणे म्हणाल्या. "ते घरी येऊन सारखे वजनाचंच बोलायचे. ऐकून ऐकून मला पण लागली."

शिवरात्रीच्या संध्याकाळी दर्शनाला जायचं ठरलं. वैनींनी मुद्दाम काढलं होतं ते. गर्दीत दोघी बाजूला पडतील, असा त्यांचा हिशोब. पण मालक आणि मालकीण वाट दाखवायला सोबत आले. रांग हलत नव्हती. दीड तास आम्ही उभे होतो. पुढे माया, मागे वैनी, आणि दोघींच्या मधे मालक, दादरच्या त्या हॉटेलात मिसळ कशी करत ते सांगत. शेवटी थंडीने मालकिणीचे गुडघे धरले आणि आम्ही दर्शन न घेताच परतलो.

रात्री अंथरुणावर मी म्हटलं, "वैनी, हे काय चाललंय? आपण एवढ्या लांब आलो ते ह्यासाठी?"

वैनींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तिचा वजन उतरलाय गो," त्या म्हणाल्या. "उतरताना पायरीवर जरा तोल गेला तिचा, मी दंड धरला. सहा किलो तरी कमी हाय. काय खाते का नाय कोण जाणे. इचारू कशी?"

शनिवारी तिकडे सुट्टी असते, म्हणजे मालक सकाळपासूनच खाली. गप्पा चालू असताना मधेच थांबले आणि नाक वर करून म्हणाले, "मॅडम, मला भास होतोय का? जवळा?"

लपवण्यात अर्थ नव्हता. वैनींनी पिशवी काढली. त्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांत धरली आणि तोंडाजवळ नेली. बावीस वर्षांनी हा वास आला म्हणाले. माया पिशवी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून कांदा, आमसूल, ठेचलेली लसूण आणि जवळा असा वास आला, आणि क्षणभर मला वाटलं आम्ही सापगावातच आहोत. मालकीण दारात येऊन बघत होती. "हे तुम्ही कुठे शिकलात?" तिने आम्हालाही कळावं म्हणून मायाला हिंदीत विचारलं.

मायाच्या हातातला डाव थांबला.

"हमारे घर," वैनी खुर्चीतून म्हणाल्या. "साहब पार्टी देते थे ना. सुपरवाइजर लोगों को मैं खुद सिखाती थी."

मालकांनी दोन वाट्या खाल्ल्या. मग मालकिणीने चव बघते म्हणून घेतला. उरलेली पिशवी आणि होणाऱ्या जावयाला पोचवायचा डबा, दोन्ही मालकिणीबरोबर वर गेलं. माया सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली तेव्हा भांड्यात काही उरलं नव्हतं. तिने भाताचा घास घेतला आणि रिकाम्या भांड्याच्या कडेवरून बोट फिरवून चाटलं. वैनींनी ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मालक म्हणाले, "मॅडम, डोळ्यात पाणी? जवळा तिखट झाला वाटतं." वैनी म्हणाल्या, "हो."

त्या दुपारी मी वैनींना बाहेर गच्चीत घेऊन गेले आणि स्पष्टच म्हटलं, "त्या माणसाला सांगून टाका खरं काय ते. साधा आहे बिचारा, समजून घेईल."

"तो घेल," वैनी म्हणाल्या. "त्याच्या बायकोची बहीण घेल का? पोरीला तिथं जन्म काढायचाय. भांडी घासताना रोज ऐकायला लागल, तुझी आई मिरची भरायची, तुझा बाप दारावर उभा राहायचा. मी तीन दिवस खुर्चीत बसली तर माझं काय झिजणार हाय?"

रविवारी निघताना सगळं घर दारात जमलं. आमच्या कपाळाला टिळे लागले, गळ्यात खादे, म्हणजे तिकडचे मानाचे पांढरे रेशमी पट्टे, पडले. मालकांनी आपला फोन नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, कधीही करा, मराठी ऐकायला मिळेल. वैनी मायासमोर उभ्या राहिल्या. आजूबाजूला आठ-दहा माणसं.

"मायाजी," वैनी म्हणाल्या, "कंपनी में सब लोग आपका नाम लेते हैं."

माया म्हणाली, "जी, मेमसाब." मग पाणी आणते म्हणून आत गेली. टॅक्सी आली, सामान ठेवलं, आम्ही बसलो, तरी ती बाहेर आली नाही. मानबहादूर म्हणाला, गॅसवर काहीतरी आहे. अस्मिता आत बोलवायला गेली आणि तीही आली नाही. वैनी दाराकडे बघत होत्या. मग त्यांनीच ड्रायव्हरला सांगितलं, "चलो."

परतीच्या विमानात त्यांनी मला चष्मा दिला आणि डोळे मिटले. गावात बायकांनी विचारलं, कसा होता परदेश? तर म्हणाल्या, "थंड हाय. लोक चांगले हायत."

त्यानंतर मायाचा फोन आला नाही. आधी मला राग आला, मग कळलं की ती करणार तरी कशी. वर मालकीण, शेजारच्या खोलीत लग्नाची बोलणी. आणि वैनींशी ती बोलणार कुठल्या भाषेत? वैनी जेवायच्या, भाजी निवडायच्या, पण बाजारात कोणी सोबत बोलावलं तर आता जात नसत. एक दिवस मी त्यांच्या हातात किलोभर तांदूळ दिले तर त्यांनी ते नुसते डब्यात ओतले.

दीड महिन्याने, एका शनिवारी दुपारी मी शाळेतून आले तर वैनींच्या खोलीतून हिंदी ऐकू आलं. दार लोटलेलं होतं. वैनी प्रवासासाठी घेतलेली चांगली साडी नेसून पलंगावर ताठ बसल्या होत्या. फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडे घरमालक मराठीत खुशाली विचारत होते.

"सब ठीक," वैनी म्हणाल्या. "जरा मायाजी को बुलाइए. कंपनी का काम है."

मालकांनी जिन्यातून हाक मारलेली इथपर्यंत ऐकू आली. कंपनीचा फोन आलाय, मॅनेजरसाहेबांच्या घरून. पावलं वाजली. कोणीतरी फोन घेतला.

"मायाजी, वो मिर्ची का नया माल आया है," वैनी म्हणाल्या. "यहां किसी को समझता नहीं. आपके जैसा सुपरवाइजर फिर नहीं मिला. पूछना था, पहले छानना कि पहले तौलना?"

माया म्हणाली, "पहले छानना, मेमसाब."

"अच्छा. तबियत ठीक है ना? खाना खाते हो ना टाइम पर?"

"जी, मेमसाब."

"खाया करो. कंपनी बोलती है."

"जी."

फोन बंद झाला. ज्या कंपनीच्या गेटात आता बाभळी वाढल्या आहेत, तिच्या नावाने हे बोलणं झालं होतं. मी आत जाऊन वैनींच्या शेजारी बसले. खरं म्हणजे किती वर्षांनी बसले, ते आठवेना.

"सगळ्या घरानं ऐकला असल," वैनी म्हणाल्या. "बरं झालं. इंडियातून विचारायला फोन येतो म्हटल्यावर कोण काय बोलल तिला?"

"वैनी, लग्न झाल्यावर तरी माया खरं सांगेल ना त्यांना? मग तुम्हाला पहिल्यासारखं बोलता येईल."

"लगीन झाल्यावर तर अजिबात नाय गो. मंग तर पोरगी त्यांच्या घरात." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला पुढे विचारवेना. त्यांनी ते कधीच, बहुतेक त्या टॅक्सीतच, मनाशी कबूल करून टाकलं होतं.

लग्नाच्या पत्रिकेचा फोटो मे महिन्यात माझ्या फोनवर आला. वैनी गेल्या नाहीत. गर्दीत कोणीतरी काहीतरी विचारील, म्हणाल्या. पण फोन चुकत नाही. दर वेळी नवं कंपनीचं काम निघतं. हळद ओली आलीय, धने जुने वाटतात. माया उत्तर देते आणि "जी, मेमसाब" म्हणते. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

परवा वैनी वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी मुलांचे पेपर तपासत होते.

"सुशे, तू भाषा शिकवतेस ना. तुझी आठवण येते, हे मॅनेजरची बायको हिंदीत कसं बोलल?"

मॅनेजरची बायको सुपरवायझरला असं काही बोलत नाही. पण हे मला त्यांना सांगता येईना. मी पेन खाली ठेवलं आणि खूप विचार करून म्हटलं, "असं म्हणा. हमें आपकी कमी महसूस होती है."

वैनींनी ते वहीत लिहून घेतलं. दोनतीनदा म्हणून पाहिलं. 'महसूस'पाशी दर वेळी अडकत होत्या.

"कंपनीतलं वाटतं ना गो?" त्यांनी विचारलं. "कोणाला समजायचं नाय ना?"

"कंपनीतलंच वाटतं," मी म्हटलं.